फिरत्या घरांतील दिवा

मनुष्य प्रवासास निघतो तो घराचा कंटाळा आला म्हणून. परंतु निघतांना आपलें घर शक्य तेवढें बरोबर बांधून घेतो. आपल्या पणजोबांच्या काळीं काशीयात्रेस निघालेलें कुटुंब बैलगाडींत अंथरुणें-पांघरुणें, तांदुळाचीं गांठोडीं, तवा, परात आणि कंदील घालून घेई. साधनें बदललीं, स्वभाव बदलला नाहीं. अमेरिकेंत व युरोपांत आज लक्षावधि कुटुंबें ज्या गाड्यांतून सुटीचा प्रवास करतात, त्यांत बिछाना, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर आणि बैठकीची जागा एवढें सर्व असतें. त्यांना आपण येथें मोटारघर म्हणूं. चार भिंती चाकांवर चढविणें हें तसें सोपें काम आहे. अवघड आहे तें घरांतला दिवा चाकांवर चढविणें. कारण शहरांतल्या घराचा दिवा वस्तुतः घरांत नसतोच. तो कोठें तरी दूरच्या वीजगृहांत असतो आणि तारेनें घरांत येतो. गाडी हलली कीं ती तार तुटते.

या तुटलेल्या तारेची आठवण मला एका पत्रानें करून दिली. माझे एक जुने स्नेही पुण्याच्या कचेरींतून सेवानिवृत्त झाल्यावर अमेरिकेंत ओहायो संस्थानांत मुलाजवळ राहावयास गेले आहेत. मुलानें एक वापरलेलें मोटारघर विकत घेतलें आणि नातवंडांसह यलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा बेत ठरला. वहिनींना झोंपेंत श्वास अडकण्याचा विकार आहे. नाकावर मुखवटा बांधून दाबाची हवा पुरविणारें विजेचें लहान यंत्र रात्रभर चालल्यावांचून त्यांना झोंप घेतां येत नाहीं. सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं हा उपचार १८८१ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, १९८१ सालीं जगापुढें मांडला. म्हणजे तत्पूर्वींच्या पिढीला असा प्रश्न पडलाच नसता. विक्रेता म्हणे, ४००० वॅटचें जनित्र घ्या, म्हणजे काळजी नको. मुलगा म्हणे, लहानसें पुरे. शेजारी म्हणे, सूर्याच्या पट्ट्या छपरावर लावा आणि यंत्राचें नांवच काढूं नका. स्नेह्यांनीं शेवटीं लिहिलें होतें: "तुम्हांला यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं हें मी जाणून आहें, पण तुम्हांला विकावयाचेंही कांहीं नाहीं. तेव्हां तुमचें मत कळवावें."

आरोप खरा होता. तथापि एखादा प्रश्न मुळांत कसा उत्पन्न झाला हें पाहिलें म्हणजे त्याचें निम्में उत्तर हातीं येतें, असा माझा अनुभव आहे. म्हणून मीं मत कळविण्यापूर्वीं फिरत्या घराच्या दिव्याचा इतिहास चाळला. त्यांत जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवतों.

हौसेखातर चाकांवर घर बांधणाऱ्यांत अग्रमान डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थास दिला जातो. इंग्लंडच्या आरमारांत शल्यवैद्याची नोकरी करून तो निवृत्त झाला होता आणि मुलांसाठीं साहसकथा लिहून त्यानें नांव मिळविलें होतें. चाकांच्या घरांत राहणारीं माणसें त्याच्यापूर्वींही होतीं. पण तीं जिप्सी, फेरीवाले, जत्रेंतले खेळवाले अशीं, म्हणजे ज्यांना दुसरें घर नव्हतें अशीं होतीं. चांगलें घर मागें ठेवून मौजेसाठीं गाडींत राहावयाचें, ही कल्पना स्टेबल्सची. ब्रिस्टल येथील डबे बांधणाऱ्या कारखान्याकडून त्यानें 'वाँडरर' नांवाची सुमारें दोन टन वजनाची गाडी करून घेतली आणि १८८५ सालीं दोन घोडे, गाडीवान, चाकर, कुत्रा आणि पोपट असा परिवार घेऊन तो इंग्लंडच्या दक्षिण भागांतून निघून स्कॉटलंडांत इन्व्हर्नेसपर्यंत गेला. ती गाडी अद्यापि जपून ठेवलेली आहे.

स्टेबल्सला दिव्याचा प्रश्न पडला नाहीं. गाडींत तेलाचा दिवा होता, आणि त्या काळीं खेड्यांतल्या इंग्रजाच्या घरींही तेलाचाच दिवा असे. दिव्यापुरता घर आणि गाडी यांत भेद नव्हता. तेलाच्या दिव्याचा एक गुण आपण आतां विसरलों आहों: त्याचें इंधन, त्याचा सांठा आणि त्याची ज्योत हीं तिन्ही एकाच भांड्यांत असत. किती तेल आहे आणि किती रात्र उरली आहे, हें काचेंतून दिसे. गृहिणी संध्याकाळीं दिव्यांत तेल घाली तेव्हांच रात्रीचा हिशेब पुरा होई. विजेनें हीं तिन्ही अंगें एकमेकांपासून तोडलीं, आणि तेथून आपल्या प्रश्नाचा आरंभ झाला.

१८८२ सालीं एडिसननें न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट या रस्त्यावर वीजगृह सुरू केलें. तेथील एकेक जनित्र एंजिनासह सुमारें २७ टन वजनाचें होतें. म्हणजे स्टेबल्सच्या तेरा-चौदा गाड्या एकीवर एक रचाव्या तेवढें. असला दिवा गाडींत घालण्याची गोष्ट कोणी बोललें असतें तर तें वेड ठरलें असतें. तरी त्याच सुमारास इंग्लंडांत आगगाडीच्या डब्यांत विजेचे दिवे लागले होते. १८८१ च्या आक्टोबरांत लंडन-ब्राइटन मार्गावरील 'बीट्रिस' नांवाच्या पुलमन डब्यांत ते प्रथम लावण्यांत आले. डब्यांत जनित्र नव्हतेंच. स्थानकावर भरून घेतलेले शिशाचे विद्युद्घट डब्याबरोबर प्रवास करीत आणि दिवे जळत. फ्रान्समध्यें प्लाँते यानें १८५९ सालीं शोधून काढलेल्या आणि फोर यानें १८८१ सालीं सुधारलेल्या या घटांनीं, वीज आज मिळवून उद्यां खर्चितां येते, हें दाखवून दिलें. चालत्या घरांतला पहिला विजेचा दिवा जनित्राचा नव्हे, तर सांठ्याचा होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें जनित्रही डब्याखालीं आलें. १८९० नंतरच्या दशकांत स्टोन या इंग्रजी कंपनीनें डब्याच्या आंसावरून पट्ट्यानें फिरणारा डायनामो प्रचारांत आणला. आपल्याकडील आगगाड्यांच्या डब्यांखालींही कित्येक दशकें हीच जोडी असे: पट्ट्यावर फिरणारा डायनामो आणि त्याच्या शेजारीं २४ व्होल्टची घटमाला. चाक फिरे तोंवर डायनामो दिवेही लावी आणि घटही भरी. गाडी थांबली कीं तो मुका होई आणि घटमाला पुढें येई. आडस्थानकावर तासभर खोळंबलेल्या पॅसेंजर गाडींतले दिवे हळूहळू तांबूस होत गेलेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांनीं घटमालेचा तळ लागतांना पाहिला आहे. डायनामो ही वीज मिळविण्याची युक्ति; घटमाला ही ती जपण्याची. या दोन्ही युक्त्या एकमेकींवांचून अपुऱ्या आहेत, हें आगगाडीनें शिकविलें.

हाच धडा घरापर्यंत पोंचविला तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञानें. योगायोग असा कीं, तोही माझ्या स्नेह्यांच्या ओहायोचाच. तेथील एका शेतकरी कुटुंबांत १८७६ सालीं त्याचा जन्म झाला. मोटार सुरू करण्यासाठीं पुढें उभें राहून दांडा फिरविण्याची जी जीवघेणी कसरत होती, ती त्याच्या विजेच्या प्रवर्तकानें संपविली. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो प्रथम बसविला गेला. चार वर्षांनीं, १९१६ सालीं, त्याच्या डेटन गांवांतून 'डेल्को-लाइट' नांवाचें शेतघरासाठीं केलेलें लहान वीजयंत्र बाजारांत आलें. त्या काळीं अमेरिकेंतील शहरें विजेनें उजळलीं होतीं. पण खेडीं अंधारांत होतीं. १९३५ च्या सुमारासही तेथील दर दहा शेतघरांपैकीं जेमतेम एकांत वीज होती. डेल्को-लाइट म्हणजे घासलेटवर चालणारें एक हवेनें थंड होणारें एंजिन, त्याला सरळ जोडलेलें एक किलोवॅटच्या आंतलें जनित्र, आणि शेजारीं फळीवर मांडलेली सोळा घटांची ३२ व्होल्टची माला.

या यंत्रांतलें मर्म त्याच्या एंजिनांत नव्हतें. तें त्याच्या दिनचर्येंत होतें. शेतकरी दिवसा, कपडे धुण्याच्या किंवा पाणी चढविण्याच्या वेळीं, एंजिन चालवी. त्या वेळांत घट भरून घेई. संध्याकाळीं एंजिन बंद. रात्रीं मुलें अभ्यास करीत, गाय व्याली तर गोठ्यांत दिवा लागे, आजारी माणसाच्या उशाशीं दिवा जळे, आणि हें सर्व एकही आवाज न होतां. यंत्र दिवसाचें, सांठा रात्रीचा, असा तो संसार होता. एंजिन लहान चाले, कारण त्याला कोणत्याही क्षणीं सगळ्या घराचा भार एकट्यानें उचलावा लागत नसे. पुढें १९३५-३६ सालीं सरकारनें ग्रामीण विद्युतीकरणाची योजना हातीं घेतली, खेडोपाडीं तारा पोंचल्या, आणि हीं यंत्रें अडगळींत गेलीं. त्यांच्याबरोबर ती दिनचर्याही अडगळींत गेली.

इकडे मोटारघराचा पसारा वाढत होता. १९१९ सालीं फ्लॉरिडांत टँपा येथें मोटारी व तंबू घेऊन हिंडणाऱ्यांनीं 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचें मंडळ काढलें. नांवावरूनच त्यांचा खर्च आणि खाणें कळतें. १९३६ सालीं वॉली बायम यानें 'एअरस्ट्रीम क्लिपर' ही ॲल्युमिनियमची चकचकीत जोडगाडी आणली. तोंवर प्रवाशांच्या गरजा माफक होत्या. दोन-तीन दिवे हवे, ते मोटारीच्या घटावर लागत. शेगडी वायूची, शीतकपाट बर्फाचें. खरा पालट दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. सैन्यासाठीं हजारों फिरतीं जनित्रें करावीं लागल्यामुळें त्यांच्या बांधणींत पुष्कळ सुधारणा झाली होती. मिनीॲपोलिस येथें १९२० सालीं डेव्हिड ओनन यानें काढलेला कारखाना त्यांत प्रमुख होता. १९६६ सालीं आयोवांतील विनेबेगो कंपनीनें कारखान्यांत तयार होणारीं मोटारघरें मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आणलीं. त्यांच्या छपरावर हवा गार करणारें यंत्र चढलें, आणि एका रात्रींत सगळा हिशेब बदलला.

कां, तें पाहा. दहा-वीस वॅटचा दिवा घटावर रात्रभर जळूं शकतो. छपरावरचें शीतयंत्र मात्र चालू असतांना सुमारें दीड हजार वॅट खातें आणि सुरू होतांना, त्यांतील दाबयंत्र जागचें हलवावयाचें असल्यामुळें, क्षणभर त्याच्या दुपटीहून अधिक मागतें. शिशाच्या घटांना हा भार पेलत नसे. म्हणून घटमालेला बाजूस सारून गाडीच्या पोटांत मोठें जनित्र बसविण्याची चाल पडली आणि जनित्राची निवड त्या एका क्षणाच्या भुकेवरून होऊं लागली. ४००० वॅटचें यंत्र विकत घेणारा पुष्कळदां वर्षांतले तीनशें दिवस दोनशें वॅट वापरतो. उरलेलें सामर्थ्य तो फक्त वाहून नेतो.

यांत आवाजाची भर पडली. अमेरिकेंत घरगुती वीज सेकंदास ६० आवर्तनें करते. ती नेमकी साधावयाची तर दोन ध्रुवांच्या जनित्राचें एंजिन मिनिटास ३६०० आणि चार ध्रुवांच्या जनित्राचें १८०० फेरे, या ठरीव गतीनेंच फिरलें पाहिजे. मग घरांत दहा दिवे जळत असोत कीं एक. पानभर पत्र पोंचविण्यासाठीं चार घोड्यांची गाडी भरधांव सोडावी, तसा हा प्रकार. हातांत उचलून नेण्याजोगीं जनित्रें त्याच काळांत आलीं. होंडा या जपानी कंपनीचें 'ई ३००' हें १९६५ सालचें लहान यंत्र त्यांतलें नांवाजलेलें. तरी गतीचें बंधन सुटलें तें शतकाच्या अखेरीस. नव्या तऱ्हेच्या जनित्रांत निर्माण झालेली वीज प्रथम एकमार्गी करून घेतात आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या साह्यानें तिला हवीं तीं आवर्तनें देतात. त्यामुळें एंजिनाला भाराप्रमाणें सावकाश किंवा जलद चालण्याची मोकळीक मिळाली. सोळाशें वॅट सतत देणारें, एकवीस किलोचें, बंद पेटीसारखें यंत्र एका हातानें उचलतां येऊं लागलें. गाडीच्या पोटांत बसणारें ४००० वॅटचें यंत्र पाऊणशें किलोच्या आसपास भरतें.

येथवर इतिहास आल्यावर मला वाटलें होतें कीं उत्तर मिळालें: लहान, शांत यंत्र घ्यावें, झालें. पण स्नेह्यांच्या पत्रांतली रात्र माझ्या ध्यानांतून जाईना. वहिनींचें यंत्र दिवसा लागत नाहीं. तें रात्रींच लागतें. आणि रात्रीं जनित्र चालवावें कसें?

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा नियम असा कीं, पन्नास फुटांवर ६० डेसिबलहून अधिक आवाज करणारें यंत्र चालवूं नये, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत शांततेचा भंग करूं नये. डेसिबलची शिडी गुणाकाराची आहे. दहा पायऱ्या चढल्या म्हणजे आवाजाची शक्ति दसपट होते. यलोस्टोनच्या ज्या तळांवर जनित्रास मुभा आहे, तेथेंही ती सकाळीं आठ ते रात्रीं आठ एवढीच. म्हणजे विक्रेत्याचें चार हजार वॅटचें यंत्र काय किंवा मुलाचें सोळाशेंचें काय, ज्या बारा तासांत वहिनींना वीज हवी त्या बारा तासांत दोन्ही सारखींच निरुपयोगी. हा नियम जुलमी नाहीं. शहराचा कलकलाट सोडून अरण्यांत आलेल्या माणसानें शहरच आपल्या गाडींत घालून आणावें आणि तें शेजाऱ्याच्या कानांत ओतावें, हा न्याय नव्हे.

आवाजाहून भयंकर गोष्ट आवाज न करणारी आहे. पेट्रोलच्या एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्याला तो प्राणवायूच्या दोनशेंपटीहून अधिक बळानें चिकटतो. इंग्लंडांत डॉ. जॉन हॉल्डेन यानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करून, स्फोटानंतर पुष्कळ मजूर भाजून नव्हे तर याच वायूनें मरतात, असें दाखविलें; त्याच्या सल्ल्यावरून खाणींत पिंजऱ्यांतले कॅनरी पक्षी नेऊं लागले. अमेरिकेंत आजही दर वर्षीं जनित्राच्या धुरानें झोंपेंतल्या झोंपेंत माणसें मरतात. सरकारी खातें बजावतें कीं फिरतें जनित्र राहत्या जागेपासून निदान वीस फूट दूर ठेवावें आणि धुराचें तोंड पलीकडे करावें. मोटारघराच्या खिडकींतून, जमिनींतील फटींतून, वाऱ्याच्या एका झुळकेनें हा वायु आंत येतो. ज्या माणसाच्या नाकावर मुखवटा बांधलेला आहे, त्याला तर यंत्र खोलींतलीच हवा ओढून दाबानें पाजतें. श्वासासाठीं घेतलेल्या यंत्रानें श्वासांतूनच विष द्यावें, असा हा प्रसंग होईल. वायु ओळखून घंटा वाजविणारें लहान उपकरण गाडींत असलेंच पाहिजे. पण झोंपेंत जनित्र न चालविणें हा त्याहून मोठा उपाय.

तेव्हां मला केटरिंगच्या शेतकऱ्याची दिनचर्या आठवली, आणि प्रश्न उलटा मांडला पाहिजे असें दिसलें. किती मोठें जनित्र घ्यावें, हा पहिला प्रश्न नव्हेच. एका रात्रीला वीज किती लागते, हा पहिला प्रश्न. मीं कागद घेऊन हिशेब मांडला. वहिनींचें यंत्र, हवा ओलसर करणारी तापपट्टी बंद ठेवली तर, ४० वॅटच्या आसपास घेतें. आठ तासांचे ३२० वॅट-तास. नवे दिवे चार तास: ८०. पाण्याचा पंप: ३०. यलोस्टोनच्या रात्री उन्हाळ्यांतही थंड असतात; वायूच्या शेगडीची ऊब खोलींत पसरविणारा पंखा तीन तास: २७०. किरकोळ: १००. एकूण आठशें वॅट-तास. सहा व्होल्टच्या, २२० ॲम्पिअर-तासांच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या एकापुढें एक जोडल्या म्हणजे सुमारें २६४० वॅट-तासांचा सांठा होतो. शिशाचा घट निम्म्याच्या खालीं रिकामा करूं नये हा संकेत पाळला तरी १३२० उरतात. रात्र निभावून थोडें शिल्लक राहतें. काचेंतून दिसणारें तेल पुनः दिसूं लागलें.

आतां जनित्राकडे वळावें. रात्रीं खर्चिलेले आठशें वॅट-तास घटांत परत घालावयाचे, तर वाटेंतली गळती धरून हजार लागतील. गाडींतलें भरणयंत्र ताशीं सहाशेंच्या आसपास देतें, आणि घट भरत आला म्हणजे त्याचा घोट लहान होत जातो. म्हणजे सकाळीं दोन तास आणि दुपारीं तासभर एंजिन चाललें कीं काम झालें. यासाठीं १६०० वॅट पुष्कळ. पण येथें उंचीचा कर द्यावा लागतो. वर गेलें कीं हवा विरळ होते, आणि दर हजार फुटांस एंजिनाचें बळ सुमारें साडेतीन टक्क्यांनीं घटतें. यलोस्टोनचें पठार सरासरी आठ हजार फुटांवर. म्हणजे २८ टक्के वजा. सोळाशेंचे साडेअकराशें उरतात. तरी पुरतें. तेथें शीतयंत्र लागणार नाहीं. आणि फ्लॉरिडाच्या उकाड्यांत तें लागेल तेव्हां तळावर तारेची जोडणी घेतां येते, तिच्यांतून ३० ॲम्पिअर म्हणजे ३६०० वॅट मिळतात. जो रानांत, तारेवांचून, भर उन्हाळ्यांत राहणार आहे, त्यानें मात्र मोठ्या यंत्राचा विचार करावा. त्याची गरज खरी आहे.

सूर्याच्या पट्ट्यांचाही पक्ष ऐकला पाहिजे. बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं दाखविलेला सिलिकनचा सूर्यघट आतां छपरा-छपरावर आला आहे. शंभर वॅटची पट्टी चांगल्या उन्हांत दिवसाला चारशें वॅट-तासांच्या जवळपास देते. दोन पट्ट्या लावल्या तर वहिनींची रात्र त्यांवर निघते. पण उंच सूचिपर्णी वृक्षांच्या दाट सावलींत किंवा दोन दिवसांच्या झडींत ती निघणार नाहीं. लिथियमचे नवे घट हलके असतात आणि जवळजवळ तळापर्यंत रिकामे करतां येतात. परंतु ते महाग, आणि पाणी गोठण्याइतकी थंडी असतांना ते भरूं नयेत. प्रत्येक साधनाला त्याचा त्याचा काळ आणि ठिकाण आहे. म्हणून पट्ट्या असोत कीं एंजिन, दोन्ही सांठ्याचे भरणकरी समजावे, धनी सांठाच.

मोटारघर बांधणाऱ्यांनीं एक शहाणपणाची चाल ठेवली आहे. ज्या गाडींत जनित्र गाडीच्याच टांकींतलें इंधन घेतें, तेथें त्याची नळी टांकीच्या तळापर्यंत सोडीत नाहींत. टांकी पाव राहिली कीं जनित्र आपोआप बंद पडतें. चैन संपली तरी घरीं परतण्यापुरतें तेल राहावें, हा तिचा अर्थ. सगळ्या विषयाचें सार मला या आंखूड नळींत दिसलें.

आपल्याला हें सर्व परकें वाटण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत भारनियमनाचीं वर्षें आपण सर्वांनीं काढलीं आहेत. बाजारपेठेंत संध्याकाळीं वीज गेली कीं दुकानांपुढच्या पदपथावर लहान जनित्रें फडफडूं लागत, आणि धुरांतून वाट काढीत आपण घरीं येत असूं. घरीं मात्र जिन्याखालीं किंवा माळ्यावर एक बॅटरी आणि तिची पेटी मुकाट्यानें दोन दिवे व एक पंखा चालवीत असे. परीक्षेचा अभ्यास त्या दोन दिव्यांवर झाला. राजधानी गाडीलाही १९६९ सालीं निघाल्यापासून विजेसाठीं डिझेल-जनित्राचे स्वतंत्र डबे जोडीत. त्याला लागून असलेल्या डब्यांतल्या प्रवाशास तो घुमारा चांगला ठाऊक आहे. अलीकडे एंजिनाच्या डोक्यावरच्या तारेंतूनच डब्यांना वीज देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून तो घुमारा थांबत चालला आहे.

स्नेह्यांस मीं हा सगळा इतिहास लिहून पाठविला आणि शेवटीं एवढेंच विचारलें कीं, सदाशिव पेठेंतल्या तुमच्या जिन्याखालीं काय होतें, तें आठवतें ना?

सप्टेंबरांत त्यांचें उत्तर आलें. लहान जनित्र आणि दोन बॅटऱ्या त्यांनीं घेतल्या होत्या. निघण्यापूर्वीं अंगणांत गाडी उभी करून एक रात्र काढली व बॅटरी किती उतरते तें मोजून पाहिलें. हें त्यांचें शहाणपण माझ्या पत्रांत नव्हतें. यलोस्टोनला चार रात्री राहिले. संध्याकाळीं आठाला सगळ्या तळावरचीं एंजिनें एकेक करून थांबत, आणि मग नदीचा आवाज ऐकूं येई. "पहिल्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं," त्यांनीं लिहिलें होतें, "मी जागून तिच्या यंत्राचा श्वास मोजीत होतों. पहांटे पाहिलें तों बॅटरींत निम्म्याहून बरेंच उरलें होतें. दुसऱ्या रात्रीं मी झोंपलों."